कॅम्पोबेलोला जाताय? पुलाचा रस्ता धरू नका आणि मोबाईलच्या घड्याळावर विसंबू नका

कॅम्पोबेलो हे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातलं बेट. "कॅनडातच तर आहे, गाडी काढा आणि जा," असं ओळखीच्या एकाने छातीठोकपणे सांगितलं, आम्ही दोघं निघालो आणि सेंट स्टीफनला थेट अमेरिकेच्या बॉर्डरसमोर जाऊन उभे राहिलो. बेट कॅनडाचं, पण १९६२चा एकमेव पूल जातो अमेरिकेतल्या ल्युबेकला. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवासी) असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि माझा संपलेला. अख्खी दुपार वाया गेली.

व्हिसा नसेल तर सेंट जॉर्जवरून लेटीटला जा. तिथून डिअर आयलंड बेटाची सरकारी फेरीबोट फुकट आहे, ते बेट ओलांडलं की दुसऱ्या टोकाला कॅम्पोबेलोची फेरी, तिला पैसे पडतात आणि ती फक्त सीझनमध्येच चालते, त्यामुळे आधी खात्री करा. बाकीचं वर्ष कॅम्पोबेलोच्या लोकांनाही आपल्याच प्रांतात जायला दोन बॉर्डर ओलांडाव्या लागतात. २०२१च्या जनगणनेत ९४९ माणसं होती, त्यांचे किती हाल! हे मला अजिबात पटलेलं नाही.

कॅम्पोबेलो ही एक पॅरिश आहे. पॅरिश म्हटल्यावर चर्चचा कारभार वाटतो, पण न्यू ब्रन्सविकात पॅरिश म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा विभाग, हा शार्लट काउंटीतला. मूळचा मुलूख पासामाक्वोडी या आदिवासी लोकांचा. १७७०मध्ये वेल्सचा कॅप्टन विल्यम ओवेन वस्ती घेऊन आला, नाव दिलं नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर लॉर्ड कॅम्पबेलवरून. ओवेन घराण्याने १८८१पर्यंत बेट सांभाळलं, मग अमेरिकन पैसेवाले आले, त्यांच्या मागोमाग रूझवेल्ट घराणं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टना १९२१च्या ऑगस्टमध्ये पोलिओने गाठलं ते इथेच. त्यांचं ३४ खोल्यांचं लाल घर फुकट बघता येतं, नक्की बघा.

आता खरं सांगायचं ते हेड हार्बरच्या १८२९च्या दीपगृहाबद्दल. ओहोटीतच जाता येतं. खडी लोखंडी शिडी उतरायची, मग खडकांवरून चालायचं, त्यावर फुग्याफुग्यांचं शेवाळ, पायाखाली फटफट फुटतं आणि साबणासारखं निसरडं. स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, ग्रिपवाले बूट हवेतच. भरतीचं पाणी तासाला दीड मीटरपर्यंत चढतं, अडकलात तर कित्येक तास तिथेच.

आणि माझ्या मोबाईलने पलीकडच्या अमेरिकेतल्या मेन राज्याचा टॉवर पकडला होता! तिथली वेळ एक तास मागे. मी सव्वा वाजला समजून निवांत फोटो काढत होतो, प्रत्यक्षात सव्वादोन झालेले. बायकोच्या हातात साधं काट्याचं घड्याळ होतं, ती ओरडली, "अहो, चला आधी!" परतताना शेवटच्या खडकापाशी पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, माझे हात शिडीवर थरथरत होते. मोबाईलची वेळ आधीच हाताने अटलांटिक टाइमवर (बेटावरच्या वेळेवर) सेट करा, रोमिंग बंद ठेवा (मला बिल आलंय), आणि ओहोटीच्या तळाच्या आधीच पलीकडे पोचा.

दुसरा दिवस हेरिंग कोव्हच्या किनाऱ्यावर गेला, छान आहे. संध्याकाळी मात्र जॅकेट लागतंच, जुलै असला तरी.