इंग्रजी ऑनर्सचं चौथं वर्ष का घेतेय

सहावं सेमिस्टर संपत आलंय आणि घरी, गावात, हॉस्टेलात जो तो एकच विचारून राहिला, आता पुढे काय. तीन वर्षांवर बी.ए.ची डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणी बी.एड.च्या सीईटीला बसतायत, काही जणी एमपीएससीसाठी रीडिंग रूम लावून मोकळ्या झाल्या. मी मात्र थांबतेय, इंग्रजी ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला, आणि तेही रिसर्चवालं. फोनवर सांगायला गेलं की दोन मिनिटांत विषय फीवर जातो म्हणून इथे नीट लिहितेय.

आधी हिशोब सांगते कारण बाबांनाही मी तोच आधी सांगितला. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांचे साधारण 120 क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) आणि चौथं वर्ष केलं की 160. रिसर्चसह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, मग 12 क्रेडिटचा स्वतःचा प्रबंध लिहायचा. टक्के कमी असतील किंवा प्रबंध नको असेल तर त्याऐवजी जास्तीचे पेपर घेऊन साधं ऑनर्स करता येतं. चार वर्षांनंतर एम.ए. एकाच वर्षाचं राहतं, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच, आणि 75 टक्के असतील तर नेटला, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या परीक्षेला सुद्धा थेट बसता येतं. बाबा म्हणाले, "म्हणजे वर्ष वाया नाही जात ना? मग कर." त्यांचं तेवढ्यात झालं. माझं खरं कारण वेगळं आहे.

मी उमरेडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. फर्स्ट इयरला एसटीने नागपूरच्या गणेशपेठला उतरून कॉलेजात आले तेव्हा इंग्रजी घेणं म्हणजे फाडफाड बोलता येणं अशीच माझी कल्पना होती, आणि वर्गातल्या चार-पाच जणींना ते येत होतं, मला नाही. पहिलं सेमिस्टर मी शेवटच्या बेंचवर गाइडमधली उत्तरं पाठ करून काढलं. गाइडमध्ये प्रत्येक कवितेचा सारांश असतो आणि प्रत्येक सारांश वाचला की वाटतं झालं, समजलं, पुढे चला. कविता वाचायची गरजच पडत नाही. मला पास व्हायला ते पुरलं पण रडूही त्याच दिवसांत सगळ्यात जास्त आलं, कारण मी जे शिकत होते ते मला दिसतच नव्हतं.

ते बदललं एका मोजणीमुळे. इंग्रजीच्या मॅडमनी हॅम्लेटमधली ती सगळ्यांना माहीत असलेली ओळ फळ्यावर लिहिली, टु बी ऑर नॉट टु बी, दॅट इज द क्वेश्चन, आणि म्हणाल्या की शेक्सपियरच्या ओळीत साधारण दहा सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे असतात, ही मोजा. आता मोजणं मला येतं, कारण आजीने लहानपणी अभंग मोजायला शिकवलेला, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, बोटांच्या पेरांवर. मी वहीत ती ओळ देवनागरीत लिहिली आणि अक्षरं मोजली तर सोळा आली. पुन्हा मोजली, पुन्हा सोळा. वर्गात पहिल्यांदा हात वर केला आणि सांगितलं सोळा येतात. कोणीतरी हसलं. मॅडम मात्र बाकापर्यंत आल्या, वही बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही अभंगासारखं मोजलंय. नॉटमधला ट आपण अक्षर धरतो, इंग्रजीत तो नॉच्या पोटातच राहतो. आता तोंडाने म्हणा आणि टाळी वाजवा." मी टाळ्या वाजवल्या, अकरा आल्या. दहा नाहीत. मला वाटलं परत चुकलं, तर त्या म्हणाल्या बरोबर आहे, अकराच आहेत, शेवटचा एक जास्तीचा आणि बिनजोराचा आहे, क्वेश्चनमधला श्चन, ओळ जमिनीवर टेकत नाही, लोंबकळत राहते, कारण जगावं की मरावं यात हॅम्लेटच लोंबकळतोय.

त्या दिवसापासून मी गाइड उघडलं नाही. आणि मराठी मीडियमची लाजही तिथेच कमी झाली, कारण माझ्याकडे आजीची मोजणी होती म्हणून तर मला फरक कानाला कळला.

सेकंड इयरच्या उन्हाळ्यात मॅडमनी सांगितलं की हॅम्लेट मराठीत फार आधी आलाय, तो शोधा. गोपाळ गणेश आगरकरांनी केलेलं ते भाषांतर, विकारविलसित, 1883 सालचं. आगरकर शाळेत आपल्या विदर्भात, अकोल्याला शिकलेले, हे मला तेव्हाच कळलं. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि ते 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते आणि या भाषांतराचं काम त्यांनी तिथे केलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, तुरुंगात, हॅम्लेट घेऊन बसलाय. मी तेव्हा वीसची. मे महिना होता, हॉस्टेलचा कूलर घरघरतोय, खसचा ओला वास, आणि मी स्कॅन केलेली जुनी प्रत मोबाइलवर झूम करून करून वाचतेय, एका पानाला अर्धा तास, संस्कृत शब्द अडले की थांबायचं. पण सोडवेना.

आणि वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात अडकली. हॅम्लेटचा सगळा संताप कुठून सुरू होतो, तर बाप मेल्यावर दोन महिन्यांच्या आत आईने दिराशी लग्न केलं. बापाचं भूत त्याला नंतर भेटतं, खून झाल्याचं नंतर कळतं, राग त्याच्या आधीचा आहे. आणि हे मराठीत आणतंय कोण, तर आगरकर, जे विधवा-विवाहाच्या बाजूने आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांचा जन्म 1856 चा आणि विधवा-पुनर्विवाहाचा कायदाही 1856 चाच. मग हा माणूस, जो विधवेने लग्न करावं म्हणतो, तो आईच्या लग्नावर चिडलेल्या मुलाचं भाषण मराठीत कसं लिहितो? शब्द मऊ करतो की अजून धारदार करतो? वाचणाऱ्याला काय वाटावं अशी त्याची इच्छा असेल?

मॅडमना विचारलं तर त्या खूश झाल्या आणि अजून एक धागा दिला. इंग्लंडात भावाच्या विधवेशी लग्न हे चर्चच्या नियमाने पापच होतं, आठव्या हेन्रीने कॅथरिनशी झालेलं स्वतःचं लग्न 1533 मध्ये रद्द करून घेतलं ते हेच कारण दाखवून. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकाला खटकत होतं ते विधवेचं लग्न नाही, दिराशी लग्न. मराठी वाचकाला मात्र आधी विधवेने लग्न केलं हेच खटकणार.

इथपर्यंत मला वाटत होतं विषय माझ्या हातात आलाय. मग होळीला घरी गेले. आजी ओसरीत तांदूळ निवडत बसली होती, मी तिला पहिल्या अंकातलं एक पान वाचून दाखवलं, भाषा तिला जड गेली म्हणून मग गोष्टच सांगितली, राजा मेला, राणीने दिराशी लग्न केलं, पोरगा चिडला. आजीने हात थांबवला नाही, म्हणाली, "मंग त्यात काय व? आमच्यात तं पाट लावत. माह्या मावशीचा पाट धाकट्या दिराशीच लागला होता, लेकरं त्याच घरात वाढली." मी म्हटलं आजी, तो पोरगा म्हणतो हे पाप आहे. मग ती थांबली. खडा बाजूला टाकला आणि विचारलं, "थो चिडला कायले? बापाले मारलं म्हणून, का मायनं पाट लावला म्हणून? दोन्ही एक नाही."

मी सुपाकडे बघत बसले. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. विधवेला लग्न नाही हा नियम सगळ्यांचा कधीच नव्हता, मोजक्या जातींचा होता. आगरकर ज्यांच्यासाठी लिहीत होते ते वाचक त्या मोजक्या घरांतले, आणि माझी आजी त्यांच्यात नाही, तिच्या मावशीच्या घरात तर राणीचं लग्न साधी गोष्ट. मी इतके दिवस हे नाटक वाचतेय आणि आमच्याच घरातून ते कसं दिसेल हे एकदाही विचारलं नव्हतं. हा प्रश्न तीन तासांच्या पेपरात पंधरा मार्कांसाठी नाही लिहिता येत, त्याला वर्ष लागेल, जुन्या नियतकालिकांचे अंक चाळावे लागतील, दोन्ही भाषांतली ओळ शेजारी शेजारी ठेवून बघावी लागेल. चौथं वर्ष त्याच्यासाठी आहे. म्हणून थांबतेय.

प्रपोजलची दोन पानं सोमवारी द्यायची आहेत. पहिल्याच ओळीत आजीचं वाक्य जसंच्या तसं टाकलंय, मॅडम म्हणाल्या राहू द्या, फक्त खाली इंग्रजीत अर्थ द्या. बाकी सगळं झालंय, 'पाट'ला इंग्रजीत काय लिहावं ते अजून सापडलं नाही.