कढीपत्त्याचे वाटेकरी

गेल्या पावसाळ्यात आई फोडणीसाठी कढीपत्ता खुडायला बाल्कनीत गेली. पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून तिने फांदी झटकली, तर शीट चालायला लागली.

ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती. लहान असताना ती शिटेसारखीच दिसते, म्हणजे पक्षी तिला तोंड लावत नाहीत. पुढे कात टाकून ती हिरवीगार झाली. मी काडीने जरा डिवचलं, तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग काढून तिने असा उग्र वास सोडला की आईने स्वयंपाकघराचं दारच लावून घेतलं. बघता बघता झाड बोडकं झालं. आई औषध मारायच्या गोष्टी करू लागली. म्हटलं, थांब ना, फुलपाखरं होतील.

"फुलपाखरं काय आमटीत घालू?"

घोडबंदर रोडला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाल्कनीत पेंटगूळ आहे. नर्सरीवाला त्याला एक्झोरा म्हणतो. लहानपणी सावंतवाडीला आम्ही त्याची फुलं उपटून देठाकडून मध चोखायचो. नळी काडीसारखी लांब, आणि मध अगदी तळाशी, जेमतेम एक थेंब. मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही. फुलपाखराची सोंड मात्र पोचते. एरवी ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. फुलावर आलं की सरळ होते. मॉर्मन तर नीट टेकतही नाही. पाय नावापुरते फुलावर, पंखांची फडफड चालूच, आणि एका गुच्छातल्या दहा-बारा नळ्या भराभर तपासून पुढे. उतारवयातल्या माणसाने बुफेत फिरावं तसं, सगळं थोडं थोडं.

या धांदलीत सोंडेला, डोक्याला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर पडतात. परागीभवन म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर या कामात फुलपाखरू मधमाशीच्या पासंगालाही पुरत नाही. मधमाशी पोळ्यासाठी पराग मुद्दाम गोळा करते, मागच्या पायांवर त्याची टोपली बांधते, अंगभर केस असल्याने पिवळी होऊन जाते. फुलपाखराचे पाय काटकुळे, आणि परागाशी त्याला देणंघेणं नाही. ते आलेलं असतं प्यायला. तरी सदाफुलीसारख्या अरुंद तोंडाच्या फुलांचं या लांब सोंडेच्या गिऱ्हाइकावाचून अडतं. जास्वंदीपाशी तर एकदा काळ्या पंखावर पिवळी पूड लागलेली मी अगदी जवळून पाहिली. आमच्या जास्वंदीला आजवर कधी बी धरलेलं नाही, त्यामुळे ती मेहनत फुकट. पण ते दोघांनाही कुणी सांगू नये.

सोसायटीच्या भिंतीमागे घाणेरी माजली आहे. तिच्या एकाच झुबक्यात मधली फुलं पिवळी असतात आणि कडेची गुलाबी. पिवळी ताजी, त्यांत मध जास्त; जुनी झाली की रंग पालटतो. अर्धा तास उभा राहून पाहिलं, फुलपाखरं बहुतेक पिवळ्यांवरच सोंड टेकत होती. रंग त्यांना चांगला कळतो. बाजारात शिळी मेथी पदरात पडणाऱ्या माझ्यासारख्याने यातून काही शिकायला हवं होतं.

हौस वाढली तशी ओवळ्याची ओवळेकर वाडी, म्हणजे तिथली फुलपाखरांची बाग, गाठली. इथून जवळच, आणि मी इतकी वर्षं गेलो नव्हतो. २०१५ साली ब्लू मॉर्मन आपलं राज्य फुलपाखरू झालं, मराठीत ते नीलवंत. मला मात्र हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू जास्त आवडलं. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके. हे बारसं एखाद्या आत्याबाईनेच केलं असणार.

परतताना नर्सरीतून कढीपत्त्याचं आणखी एक रोप आणलं. आईने ते बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. "हे माझं, ते त्यांचं," म्हणाली. परवा सकाळी पाहतो तर तिच्या रोपाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढं एक पिवळसर अंडं. अजून तिला सांगितलेलं नाही. सध्या भाजीवाल्याकडून कोथिंबिरीबरोबर दोन काड्या मागून आणतो.