पिन नंबर ३५ आणि रात्रभर वाजणारा बझर

निफाडजवळ काकांची कांद्याची चाळ आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडली की सड लागते, म्हणून मी त्यांना ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर एक लॉगर, म्हणजे नोंदी ठेवणारा डबा, करून दिला. दर १० मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता मायक्रोएसडी कार्डावर लिहायची, एवढंच काम. आठवड्याने काकांनी कार्ड उपसून आणलं, लॅपटॉपला लावलं, तर फाइलचा आकार ० बाइट! मी फाइल उघडी ठेवूनच लिहीत होतो. ती क्लोज किंवा फ्लश केल्याशिवाय (म्हणजे साठलेला डेटा कार्डावर उतरवल्याशिवाय) डिरेक्टरीत आकार नोंदला जात नाही.

काकांना म्हटलं, आधी बटण दाबा, दिवा विझला की मग कार्ड काढा. ते म्हणाले, "अरे, हात मातीने भरलेले असतात, तुझं बटण कुठं शोधत बसू?" बरोबर होतं त्यांचं. कार्ड गेलं-आलं हे बोर्डलाच कळायला हवं.

बाकीचं एका संध्याकाळी उरकलं. प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद. कार्ड नसेल तेव्हा नोंदी रॅममध्ये ठेवायच्या आणि कार्ड आलं की त्यावर उतरवायच्या. १२ बाइटची एक नोंद, दिवसाला १४४. दोन केबीसुद्धा होत नाहीत. कार्ड काढलं की बझरची एक बीप, घातलं की दोन.

कार्ड ओळखायला सॉकेटमध्येच एक बारीक स्विच असतो. त्याची पिन मॉड्यूलवर 'सीडी' (कार्ड डिटेक्ट) नावाने बाहेर काढलेली असते. माझ्या सॉकेटमध्ये कार्ड बसलं की ती ग्राउंडला जोडली जाते. मॉड्यूलसोबत आलेल्या आकृतीत ती जीपीआयओ ३५ ला, म्हणजे बोर्डच्या ३५ नंबरच्या पिनला, दाखवली होती, शेजारी लिहिलं होतं 'इंटरनल पुलअप चालू करा'. पुलअप म्हणजे मोकळ्या पिनला वर, ३.३ व्होल्टला, धरून ठेवणारा रेझिस्टर; पुलडाउन तिला खाली, ग्राउंडला धरतो. मी तसंच केलं. टेबलावर कार्ड काढलं, लगेच घातलं, बीप बरोबर वाजल्या. डबा चाळीत लावून आलो.

पुढच्या वेळी काकांनी कार्ड काढून माझ्याकडे पाठवलं, त्याच रात्री काकूंचा फोन. "अरे, तुझा तो डबा रात्रभर केकाटतोय. कुत्रंसुद्धा झोपेना."

मला वाटलं, स्विचचे कॉन्टॅक्ट थरथरत असतील. डीबाउन्स (थरथर थांबेपर्यंत वाट पाहायचा वेळ) २० मिलिसेकंद ठेवला, मग ५०, मग २००. बीप कमी झाल्या, थांबल्या नाहीत. सॉकेट बदललं. वायर आखूड केली. इंटरप्ट (पिन बदलताक्षणी आपोआप चालणारा कोड) काढून साधं पोलिंग केलं, म्हणजे पिन पुन्हा पुन्हा वाचली. तरी तेच. चार दिवस असे गेले, आणि प्रत्येक खोट्या 'कार्ड आलं'ला बोर्ड नसलेलं कार्ड माउंट करायला (वापरासाठी जोडून घ्यायला) धडपडायचा.

खरी खूण समोरच होती, ती मी उशिरा पाहिली: कार्ड आत असताना सगळं शांत, गोंधळ फक्त सॉकेट रिकामं असताना. मल्टिमीटरची टोकं पिन आणि ग्राउंडला लावली, तर बीप बंद झाल्या आणि रिकाम्या सॉकेटला बोर्ड 'कार्ड आहे' म्हणू लागला. टोक काढलं की पुन्हा सुरू. मीटरच्या मेगाओममधल्या रेझिस्टन्सनेही जी पिन खाली ओढली जाते, तिला वर धरणारं काहीच नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. डेटाशीट उघडली. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतून पुलअपही नाही, पुलडाउनही नाही. कोडमध्ये 'इनपुट पुलअप' लिहिलं तरी कम्पाइलर हूं की चूं करत नाही.

३.३ व्होल्ट आणि ३५ च्या मध्ये १० किलोओमचा रेझिस्टर डकवला आणि बीप थांबल्या. रिकामं सॉकेट तासभर समोर ठेवून बसलो, एकदाही वाजलं नाही. त्या आकृतीचा राग अजून गेलेला नाही. रुपयाभराच्या रेझिस्टरचा उल्लेख तिथे असता तर माझे चार दिवस आणि काकूंची झोप वाचली असती.

त्यानंतरही एक अडलं. कार्ड परत घातलं की 'एसडी बिगिन' (कार्ड माउंट करणारी कमांड) यशस्वी झालं म्हणे, पण फाइल उघडेना. आधीचं माउंट सोडलेलं नसेल तर ईएसपी३२ ची ही लायब्ररी कार्डाला हातही न लावता होकार देते. म्हणून कार्ड गेल्याचं कळलं की आधी 'एसडी एंड' करून माउंट सोडा. आणि हे काम इंटरप्टच्या आत करू नका, तिथे फक्त फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) लावा आणि बाकीचं मुख्य लूपमध्ये करा.

खरं तर आधी सांगायला हवं होतं: सॉकेट घेतल्यावर पहिल्यांदा मल्टिमीटरच्या बीपवर स्विच तपासा. काही सॉकेटमध्ये तो उलटा असतो, कार्ड बसलं की उघडतो. सहा पिनांच्या स्वस्त मॉड्यूलवर सीडी पिन नसतेच. तिथे दर काही सेकंदांनी कार्डाला सीएमडी १३ ही कमांड पाठवून स्टेटस विचारा. एमआयएसओला (कार्डाकडून बोर्डकडे डेटा आणणाऱ्या पिनला) पुलअप असेल तर रिकाम्या सॉकेटमधून नुसते एफएफ, म्हणजे सगळे बिट १ असलेले बाइट, येत राहतात. नवीन कार्ड मात्र पुन्हा पहिल्यापासून उठवावं लागतं: सीएस (कार्ड निवडणारी पिन) वर, म्हणजे हाय, ठेवून ४०० किलोहर्ट्झच्या आत किमान ७४ क्लॉक, मग रिसेटची कमांड सीएमडी ०.

आणि कार्ड घालताक्षणी बोर्ड रिसेट होत असेल तर कोडमध्ये शोधत बसू नका. कार्ड एकदम करंट ओढतं आणि ३.३ व्होल्ट खाली बसतात. सॉकेटच्या अगदी जवळ एक कपॅसिटर लावा. माझ्याकडे ४७ मायक्रोफॅरडने भागलं.