वाळवी नव्हती

मार्चातली दुपार. जुळे सोलापुरातून फोन आला, "नव्या झोपाळ्याला वाळवी लागलीय बघा, आजच्या आज या." वीस वर्षं मी वाळवी-भुंग्याचंच काम करतोय, औषधाचा कॅन घेऊनच निघालो.

कोकणातल्या जुन्या होडीची जाड फळी, गडद पॉलिश, पितळी साखळ्या. आठच दिवसांपूर्वी टांगलेली. खालून टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मातीच्या नळ्या शोधल्या, एकही नाही. म्हणजे जमिनीतली नेहमीची वाळवी नाही. भुंगा म्हणावा तर जमिनीवर पिठासारखा भुसा हवा, तोही नाही. मुठीनं ठोकलं, तर आवाज पोकळ. फळीच्या टोकांना लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरून वर पॉलिश मारलेलं होतं. पटाशीनं ती लांबी उकरली आणि मी थबकलो.

आत बोटाएवढे गोल बोगदे, एकाला एक खेटून, तरी एकही दुसऱ्यात घुसलेला नाही. आणि प्रत्येकाला आतून पांढरा, अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत चुन्याचा लेप. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा पुस्तकात वाचलेला टेरेडो, जहाजकिडा! समुद्रापासून इतक्या लांब तो माझ्या हातात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

नावात किडा असला तरी तो शिंपल्यांचा भाऊबंद. अंग लांबलचक, अळीसारखं. डोक्याकडे दोन छोटी शिंपलं, त्यांनी तो लाकूड खरवडत पुढं सरकतो. कल्ल्यांत राहणारे जिवाणू त्याला लाकूड पचवायला मदत करतात. पिल्लू इवलंसं असताना शिरतं आणि आतच वाढतं, म्हणून बाहेर टाचणीचं भोक आणि आत बोगदा. 1730 च्या दशकात याच प्राण्यानं हॉलंडच्या समुद्री बांधांचं लाकूड पोखरलं, तेव्हा तिथल्या लोकांना दगड वापरावा लागला.

"मग मारा की फवारा," आजी म्हणाल्या.

"आजी, हा खाऱ्या पाण्याबाहेर जगत नाही, केव्हाच मेलाय. घरातल्या दुसऱ्या लाकडाला धोका नाही. औषधाचे पैसे मी घेणार नाही. पण झोपाळा आत्ता उतरवा."

आजींच्या मुलाला पटेना. एवढी जाड फळी, महागाची, त्यात पाहुण्यांनी कौतुक केलेली. मग दोन्ही टोकांखाली विटा ठेवल्या आणि मी मधोमध पाय देऊन हळूहळू भार टाकला. करकर वाजलं आणि फळी आडवी मोडली. मोडलेल्या जागी लाकडापेक्षा भोकंच जास्त. त्याच फळीवर सकाळी नातू उभा राहून झोके घेत होता. त्याची आई काही न बोलता खाली बसली.

विकणाऱ्यानं लांबी भरली तेव्हा ही भोकं त्याला दिसली नसतील, हे मला अजून पटत नाही. पोखरलेली फळी भिंतीवर शोभेला लावायला विका, हरकत नाही. माणूस बसायच्या जागी नको.

नातवानं एका बोगद्याच्या टोकाशी अडकलेलं मुगाएवढं शिंपलं काढलं. भिंगाखाली धरलं, तर कडेला कानशीसारखे बारीक दाते. तो बराच वेळ त्यावर नख फिरवत बसला होता.