बारावीनंतर अप्रेंटिस? भाच्याच्या निमित्ताने

ताईचा फोन आला तेव्हा इथे स्टुटगार्टजवळ सकाळचे सात वाजले होते, देवगडला साडेदहा. भाचा बारावी पास झालाय, पण "माका कॉलेजात जावचा नाय" म्हणून हटून बसलाय. त्याला जर्मनीत अप्रेंटिस व्हायचंय. कुणी एजंट तीन लाखांत सगळं करून देतो म्हणतोय. "तू थयसर असस, तूच सांग," ताई म्हणाली.

उत्तर लगेच देता आलं नाही, कारण मी स्वतः त्याच वाटेने आलोय. आयटीआय फिटर झाल्यावर एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवार होतो. त्या वर्षात माल उचलला, फरशी पुसली, सायबांचा चहा आणला. लेथला हात लागला तो शेवटच्या दोन महिन्यांत. सर्टिफिकेट मिळालं, पण काम मी पुढे डिप्लोमा करताना आणि पहिल्या नोकरीत शिकलो. ते वर्ष वाया गेल्याची खंत अजून आहे.

इथे आमच्या मेंटेनन्स विभागात दर सप्टेंबरला सोळा-सतरा वर्षांची नवी पोरं येतात. आउसबिल्डुंग म्हणतात त्याला. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. दर महिन्याला पगार मिळतो. 2025 साली सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी किमान 682 युरो. पहिले काही आठवडे ती पोरं लोखंडाचा ठोकळा फाईलने घासत बसतात, काटकोन तपासायला गुण्या लावून प्रकाशाकडे धरून बघतात, पुन्हा घासतात. आमच्या आयटीआयतही हेच होतं, त्यामुळे ते बघताना माझे हात शिवशिवतात. पण दोन गोष्टी आमच्याकडे नव्हत्या. एक, प्रत्येकाची वही असते. काय केलं, काय शिकलो हे त्यात लिहायचं आणि शिकवणाऱ्याने ते वाचून सही करायची. दुसरी, शेवटची परीक्षा कारखाना घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. पोराला नुसता झाडू धरायला लावला तर तो परीक्षेत उघडा पडतो, आणि त्याच्याबरोबर कारखानाही.

आणि पहिले एक ते चार महिने परिविक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे असतात. पोराला नको वाटलं तर तो जाऊ शकतो, कारखान्याला नको वाटलं तर तोही थांबवू शकतो. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. अठराव्या वर्षी स्वतःला काय आवडतं ते घरात बसून कुणाला कळणार?

म्हणून ताईला सांगितलं, एजंटाला एक रुपया देऊ नकोस. इथला करार कंपनी थेट मुलाशी करते आणि व्हिसा त्यानंतर. त्यासाठी साधारण बी-1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन भाषा यायला हवी, आणि पगार पुरत नसेल तर उरलेला खर्च कसा भागवणार तेही दाखवावं लागतं. ही दोनेक वर्षांची तयारी आहे. त्याआधी पोराला हे काम खरंच हवंय का ते बघूया.

बघायला देवगडच बरं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर बंदरात उभे राहतात आणि इंजिनं खोलायचा हाच काळ. ताईच्या शेजारचे मिस्त्री डिझेल इंजिनं करतात. दोन महिने त्यांच्या हाताखाली राहायचं. मन रमलं तर जिल्ह्यातल्या आयटीआयत एक वर्षाचा मेकॅनिक डिझेलचा कोर्स, मग शिकाऊ उमेदवारी. पण तिथे करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला हवा. कुणाच्या हाताखाली, काय काय शिकवणार हे आधी जाऊन विचारायचं, आणि जमलं तर तिथल्या जुन्या शिकाऊ पोरांना गाठून विचारायचं. मी हे विचारलं नव्हतं. आणि भाच्याला स्पष्ट सांगितलं, शिकाऊ ठेवलं म्हणून पुढे नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. हातात कसब असेल तर मात्र सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत बोटींची इंजिनं बिघडतच असतात.

माझी एकच अट होती. रोज वही लिहायची, शुक्रवारी मला फोटो पाठवायचा.

पहिला फोटो परवा आला. वहीच्या कोपऱ्यावर काळ्या बोटाचा ठसा, मागे नारळाच्या करवंटीत रॉकेलमध्ये बुडवलेले नट. मजकूर चार ओळींचा. हेड खोललं, नट ओळीने ठेवले, इंजेक्टर साफ केला. आणि शेवटी: "गास्केट कित्याक फाटला ता मिस्त्रींनी सांगूक नाय. सोमवारी इचारतलंय."