अकरा घरांच्या चाव्या

रविवार, रात्री साडेदहा

कोल्हापूरहून सहाला निघालो. अणुस्कुरा घाट उतरून पाचलला चहा घेतला. मुंबईतल्या मित्राने सांगितलं होतं, "राजापुराकडे चाललायस तर आमचं घर बघ. कौलं किती गेलीत तेवढं कळव." ओसाड गावांचे फोटो काढायची खाज मला आहेच, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

डांबर शाळेपाशी संपलं. शाळेला कुलूप. पुढे चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून वाट होती. आरसे मिटून गाडी घातली आणि थोड्याच अंतरावर समोर पाखाडीच्या पायऱ्या आल्या. रिव्हर्स घेताना डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. माझीच हौस, कोणाला बोलणार?

वाडीत घरं अठरा, माणसं चार घरांत. बाकीच्या अंगणांत रानमोडी माजलेली. आंबे मात्र मोहोराने भरलेले. त्यांना राखणदार लागत नाही. एका पडक्या पडवीत मंगळुरी कौल सापडलं, त्यावर 1865 उमटवलेलं. हरखलो. मग आठवलं, ते बासल मिशनच्या कारखान्याचं स्थापनावर्ष, घराचं नव्हे. घर फार तर आजोबांच्या काळातलं असेल.

फोटो काढत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "कुणाकडं आलात?"

मित्राचं नाव सांगितल्यावर काकींनी घरातून पत्र्याचा डबा आणला. त्यात अकरा घरांच्या चाव्या. एकीवरही नाव नाही. कुणाला काथ्या, कुणाला बांगडीचा तुकडा, मित्राच्या चावीला जुन्या लुगड्याची चिंधी. "त्याच्या आयशीचं लुगडं," म्हणाल्या. जनगणनेत वाचलेला आकडा तेव्हा आठवला: 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला आणि चाव्या बायकांकडे, असा त्या आकड्याचा अर्थ आज कळला.

घरात वाळवीचा वास. "चूल पेटत नाय, धूर नाय, मग वासे खाणारच ती," काकी म्हणाल्या. सदतीस कौलं गेलेली. माळ्यावर गणपतीचा पाट तेवढा प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. घरात धूळ नसलेली ती एकच वस्तू. या गावाला ओसाड म्हणायची माझी घाई झाली, असं तिथे वाटलं. गणपतीला आणि शिमग्याला हीच कुलपं उघडतात.

चहा झाल्यावर काकींनी हळूच विचारलं, "गाडी मोठी आहे ना?" तांदळाची दोन दळणं तयारच होती. शेजारणीचं तिसरं आलं, मग कुणाचा तरी बिघडलेला मिक्सर. गिरणीवर तासभर नंबर लावून बसलो. डोंगरउताराच्या शांततेचे फोटो काढायला आलेला मी, पट्ट्याच्या खडखडाटात. परत नेऊन दिलं तर काकींनी पीठ चिमटीत घेतलं. "जाडंच दळलंन."

संध्याकाळी मित्राला आकडा कळवला. म्हणाला, सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, खर्च कोण करणार. शिमग्याला बसून बघू. हेच तो गेल्या शिमग्यालाही म्हणाला होता.

डिकीत पीठ सांडलंय. झाडायला उद्या सवड नाही. काकींनी पुढच्या खेपेला गॅसची टाकी आणायला सांगितलीय, पुस्तकही माझ्याकडेच दिलंय.