खिळ्यांच्या खुणांवरून संगमरवर कोरताना

इटलीच्या तस्कनीतल्या पिएत्रासांताला मी गेलो ते छिन्नी चालवायला शिकायला. कार्यशाळेत पहिल्यांदा हातात आलं ते मात्र पॉइंटिंग मशीन, प्लास्टरच्या नमुन्यावरची मापं दगडावर उतरवायचं साधन. पितळेची चौकट, तिला तीन टेकू आणि एक सरकती सुई. प्लास्टरच्या डोक्यावर तीन पक्के बिंदू धरायचे, तेच दगडावर घ्यायचे. मग सुई प्लास्टरला टेकवून अडसर कसायचा आणि चौकट उचलून दगडावर लावायची. सुई अडसरापासून जितकी मागे राहील, तितका दगड अजून काढायचाय. नाक, हनुवटी, केस हे उंच बिंदू आधी. डोळ्यांच्या खोबण्या शेवटी.

मला हे कारकुनी वाटत होतं. सगळं मोजूनच करायचं, तर शिल्पकार कशाला हवा?

मध्ये सुट्टी मिळाली तेव्हा व्हेनेतोमधल्या पोसान्योला जाऊन आलो. शिल्पकार अंतोनियो कानोव्हा १७५७ मध्ये इथे जन्मला. वडील लवकर गेले, आईने दुसरं लग्न केलं, पोराला वाढवलं ते पाथरवट आजोबांनी. पुढे रोममध्ये त्याने पोपांची थडगी घडवली, नेपोलियनला नग्न मंगळदेव करून उभं केलं आणि १८१५ मध्ये पॅरिसला जाऊन फ्रेंचांनी इटलीतून नेलेल्या कलाकृती परत मिळवल्या. १८२२ मध्ये तो गेल्यावर त्याच्या सावत्र भावाने रोमच्या स्टुडिओतली प्लास्टरं या गावात आणली. त्यांच्यासाठी बांधलेलं दालन म्हणजे जिप्सोतेका. पहिल्या महायुद्धात तिथे तोफगोळा पडून बरीच मोडतोड झाली. नेपोलियनची बहीण पाओलिना बोर्गेझे हिच्या प्लास्टरची दशा तर संपेचना: २०२० मध्ये एक पर्यटक फोटोसाठी तिच्यावर टेकला आणि पायाची बोटं तुटली!

मी मात्र प्लास्टरांत ठोकलेले खिळेच बघत बसलो. पांढऱ्या मांड्यांवर, गालांवर, अगदी ओठांजवळही धातूचे बारीक ठिपके. मदतनीस त्यांवरून मापं घेऊन दगड उतरवत आणत. वर थोडी जाडी राखून ठेवत. ती कातडी कानोव्हा स्वतः काढायचा, रात्री मेणबत्ती फिरवून सावल्या तपासत. म्हणजे कारकुनी होतीच, फक्त ती मदतनिसांच्या वाट्याला होती.

परतल्यावर मशीनशी भांडणं थांबवलं. बिंदू पुरे झाल्यावर डोकं भोकाभोकांचं, ओळखू न येणारं दिसत होतं. तिथून पुढे दातेरी छिन्नी, मग कानस. गालाच्या त्या दोनतीन मिलिमीटरांत मशीन काहीच सांगत नाही. मी दिवा एका बाजूने खाली धरायचो. समोरच्या उजेडात सपाट वाटणारा गाल तिरक्या उजेडात खड्ड्यांनी भरलेला निघायचा. बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ तिथेच गेला.

कानामागे दातेरी छिन्नीचे ओरखडे मी मुद्दाम तसेच ठेवलेत. शिकवणाऱ्या कारागिरांना ते बिलकुल पसंत नाही. घासून काढ, म्हणतात.